एआय कोणाच्या बाबतीत चुकतं?

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा भाव व्हॉट्सॲपवर फिरतो. तो बहुधा फोटोच्या रूपात येतो. कधी हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो, कधी रंगीत अक्षरांत सजवलेल्या तक्त्याचा. डोळस शेतकरी एका नजरेत तो वाचतो. दृष्टी गेलेल्या शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये स्क्रीन रीडर असतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. तो मात्र तिथं अनेकदा ‘फोटो’ एवढंच म्हणून पुढे सरकतो. त्याला अक्षरं लागतात, आणि फोटोत असतात ते नुसते रंगांचे ठिपके.

हा प्रश्न एम.एस्सी. कम्प्युटर सायन्सच्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याला दिला, तर तो चार दिवसांत उत्तर घेऊन येईल. चित्रातला मजकूर ओळखणारं तयार मॉडेल उतरवून घेईल, त्याला शंभर स्वच्छ फोटो दाखवेल, ‘अचूकता ९५ टक्के’ असा तक्ता काढेल आणि सादरीकरण करेल. गुणही चांगले मिळतील. मग ते ॲप त्या शेतकऱ्याच्या हाती दिलं, की तीन गोष्टी होतील. दहा ग्रुपांतून फिरून आलेला फोटो फुटलेला असेल आणि मॉडेल गोंधळेल. ॲपमधलं फोटो उघडायचं बटन स्क्रीन रीडरला नावाशिवाय दिसेल, म्हणून सापडणारच नाही. आणि समजा सापडलंच, तर १,८५० चा भाव ‘तेराशे पन्नास’ असा ठाम आवाजात ऐकवला जाईल. त्या शेतकऱ्याला तो पडताळून पाहायची सोय नाही.

विद्यार्थ्याला मॉडेल चालवता येत होतं. ते माणसाच्या हाती कसं पोचतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जळगाव-धुळ्याच्या वर्गात हे कसं शिकवता येईल, ते आता पायरीपायरीने पाहू.

डोळे मिचकावण्याची अट

पहिल्या तासाला एक खटला सांगावा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. बँक खातं किंवा सिमकार्ड यांसाठी ई-केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. समोर जिवंत माणूस आहे, छापील फोटो नाही, याची खात्री यंत्राला अशी पटते. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या व्यक्तींना हे जमत नव्हतं. अंध व्यक्तींना चेहरा चौकटीत नेमका कसा आणायचा ते कळत नव्हतं. न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि २० निर्देश दिले.

यात विद्यार्थ्याने शिकायचं ते न्यायालयाच्या आधीच्या पायरीवर आहे. ती प्रणाली बनवणाऱ्यांच्या मनात कोणाविषयी आकस नव्हता. ‘जिवंत माणूस म्हणजे डोळे मिचकावणारा माणूस’ हे त्यांनी न बोलता गृहीत धरलं. चाचणीला बसलेल्या लोकांत डोळे मिचकावू न शकणारं कोणी नसावं, म्हणून गृहीतक चुकल्याचं कळलंही नाही. एआयमधले बहुतेक अडथळे असेच, कोणाच्याही नकळत तयार होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार नोंदले आहेत, त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. या यादीतला प्रत्येक प्रकार घ्यायचा आणि आपल्या ॲपला विचारायचं, ‘तू इथं काय गृहीत धरलंस?’ पहिल्या आठवड्याचा गृहपाठ म्हणून एवढं पुरे.

कानाने वापरलेला मोबाइल

दुसरी पायरी हाताने करायची. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतो. तो सुरू करायचा, पडद्याचा उजेड पूर्ण कमी करायचा आणि रोजची कामं करायची. बोट उजवीकडे सरकवलं की पुढचा घटक बोलला जातो, दोनदा टिचकी मारली की तो उघडतो. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर घ्यावा. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो बनवला.

एक सावधगिरी मात्र हवी. डोळ्याला पट्टी बांधून ‘अंधत्वाचा अनुभव’ देणारे कार्यक्रम कॉलेजांत होतात. त्यातून विद्यार्थी कळवळा घेऊन बाहेर पडतो, ज्ञान घेऊन नाही. पट्टी बांधलेला माणूस अंधपणात नवखा असतो. वर्षानुवर्षं स्क्रीन रीडर वापरणारा माणूस तेच काम इतक्या वेगवान आवाजात करतो, की आपल्याला शब्दही कळत नाहीत. आपण इथं साधन शिकायला आलो आहोत, हे शिक्षकाने आधीच सांगून टाकावं.

मराठीचा एक जुना घोळ याच वेळी समोर येतो. कोणतीही जुनी मराठी पीडीएफ उघडा, एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये टाका. मराठी आली तर ठीक. ठिपके दिलेली परकी रोमन अक्षरं आली, तर तो मजकूर युनिकोडआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. डोळ्याला तो मराठी दिसतो, यंत्राच्या लेखी ती निरर्थक अक्षरमाला असते. आणि काहीच कॉपी झालं नाही, तर ते पान म्हणजे नुसता स्कॅन केलेला फोटो आहे. परिपत्रकं, जुन्या प्रश्नपत्रिका, नोट्स यांतलं कितीतरी साहित्य असं आहे. विद्यार्थ्याने आपल्याच विभागाच्या नोटिसा या कसोटीवर तपासाव्यात. बरेचदा एआयची गरजच नसते, फाइल नीट टाइप केली की काम होतं. हेही प्रशिक्षणात शिकवायला हवं, कारण आपल्याकडे दर दोन वर्षांनी प्रत्येक कॉलेजात अंधांसाठी एक ‘स्मार्ट काठी’ जन्माला येते आणि प्रदर्शनानंतर कपाटात जाते.

आवाज गोळा करताना

आता सगळ्यात कष्टाचा भाग. माझ्या मते सत्राचा निम्मा वेळ इथंच जावा.

बोलणं ऐकून ते लिहिणारं ‘व्हिस्पर’ हे मॉडेल ओपनएआय कंपनीने २०२२ मध्ये खुलं केलं. त्याला ६,८०,००० तासांचं ध्वनिमुद्रण ऐकवून शिकवलं होतं. त्यात मराठी बोलणं आणि त्याचं मराठीतलंच लेखन असं साहित्य तासाभराहूनही कमी होतं. हिंदीचं सुमारे १२ तास. त्यानंतर आयआयटी मद्रासच्या ‘एआय४भारत’ने आणि केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पाने भारतीय भाषांसाठी मोठं काम केलं आणि मराठीला बरीच बरी मॉडेलं मिळाली. लिखित मराठीसाठी पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाने तर विद्यार्थ्यांना हाताशी धरूनच ‘महासेंट’, ‘महानेर’ असे वाक्यसंग्रह आणि ‘महाबर्ट’सारखी मॉडेलं तयार केली. पदवीच्या मुलांनी बसून हजारो मराठी वाक्यांवर खुणा केल्या, तेव्हा हे उभं राहिलं. म्हणजे हे काम विद्यार्थ्यांकडून होऊ शकतं, याचा दाखला राज्यातच आहे.

पण ही मराठी बरीचशी प्रमाण मराठी आहे. खानदेशात माणूस बोलतो ते वेगळं. धुळ्याकडे, अमळनेर-पारोळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलला लेवा बोली, शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्यात पावरी. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली आहे आणि ती मातृभाषा म्हणून सांगणारे १८ लाखांहून जास्त आहेत. त्यात भर अपंगत्वाची. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, पक्षाघातातून उठलेल्या किंवा जन्मापासून कमी ऐकू येणाऱ्या माणसाचे उच्चार मॉडेलने कधी ऐकलेलेच नसतात. अहिराणी बोलणारा, जीभ जड झालेला साक्रीचा म्हातारा हा आजच्या यंत्रांसाठी दुहेरी परका आहे. ज्याला टाइप करता येत नाही, त्यालाच बोलून काम करणाऱ्या यंत्राची सर्वांत जास्त गरज असते. आणि यंत्र चुकतं ते त्याच्याच बाबतीत.

म्हणून विद्यार्थ्याने रेकॉर्डर घेऊन बाहेर पडायचं. बोलायला देण्याची वाक्यं पुस्तकातली नसावीत. दवाखान्यात काय सांगाल, बँकेत काय विचाराल, एसटी चुकली तर घरी काय कळवाल, अशा प्रसंगांतून बोलणं काढावं. बंद खोलीत ध्वनिमुद्रण करू नये. स्टँडवरचा गोंगाट, पंख्याची घरघर हे सगळं आत येऊ द्यावं, कारण वापर तिथंच होणार आहे.

ऐकलेलं लिहून काढताना विद्यार्थ्याचा हात आपोआप बोली ‘सुधारतो’. ‘शे’ ऐकतो आणि ‘आहे’ लिहितो. हे चालणार नाही. जळगावच्या विद्यापीठाला ज्या बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी त्यांच्याच बोलीत उतरवून ठेवल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. उतरवून घेणाऱ्याने त्या शुद्ध करून घेतल्या असत्या तर काय उरलं असतं, याची कल्पना करा. तीच शिस्त इथं पाळायची.

संमतीचं काय? संमतीपत्र छापील दोन पानांचं असेल, तर अंध व्यक्तीने सही कशावर करायची? ते वाचून दाखवलेलं, ध्वनिमुद्रित केलेलं, तिच्या बोलीतलं असावं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नुसार दिव्यांग व्यक्तीला कायदेशीर पालक नेमलेला असेल, तर त्याची संमती लागते. नेमलेला नसेल, तर प्रौढ दिव्यांग माणूस स्वतःची संमती स्वतः देतो. घरच्यांना बाजूला घेऊन विचारायची आपली सवय इथं सोडावी लागते. आणि आवाज दिल्याबद्दल मानधन द्यावं, चहा-बिस्किटांवर भागवू नये.

फोटोंचंही हेच. ‘विझविझ’ हा अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये खुला केलेला संग्रह मुद्दाम पाहावा. त्यातले ३१,००० हून अधिक प्रश्न अंध व्यक्तींनी स्वतः फोटो काढून, स्वतःच्या आवाजात विचारलेले आहेत. फोटो हललेले, अर्धी वस्तू चौकटीबाहेर, बोट लेन्ससमोर. इंटरनेटवरच्या सुबक चित्रांवर शिकलेली मॉडेलं तिथं अडखळली. खांद्यामागे उभं राहून विद्यार्थ्याने काढलेला फोटो आणि अंध माणसाने काढलेला फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शंभर व्याख्यानांनी पटत नाही ते या संग्रहाच्या दोन पानांनी पटतं.

चूक मोजायची कशी

आवाज ओळखणाऱ्या मॉडेलची चूक शब्दांत मोजतात. बदललेले, गाळलेले आणि जास्तीचे घुसडलेले शब्द मोजायचे, त्यांची बेरीज मूळ वाक्यातल्या शब्दसंख्येने भागायची. समजा आईने डॉक्टरांसाठी सांगितलं, ‘मना पोऱ्याले ताप उना शे’. यंत्राने लिहिलं, ‘मला पोराला ताप ऊन’. पाच शब्दांपैकी तीन बदलले, एक गळला. चूक ८० टक्के.

आता या चार चुका वेगवेगळ्या पाहा. ‘पोऱ्याले’चं ‘पोराला’ झालं, त्याने काही बिघडत नाही. ‘मना’चं ‘मला’ झालं आणि रुग्ण कोण, इथंच गोंधळ झाला. सूत्राला मात्र दोन्ही चुका सारख्याच. म्हणून विद्यार्थ्याने टक्केवारीच्या शेजारी आणखी एक रकाना करायचा: या चुकीमुळे माणसाचं काम अडलं का? हा रकाना यंत्राकडून भरून घेता येत नाही. बोलणाऱ्यालाच विचारावं लागतं.

सरासरीचा फसवेपणा याहून मोठा. समजा चाचणीत हजार वाक्यं आहेत. ९०० वाक्यं सर्वसाधारण उच्चारांची, त्यात यंत्र ९५ टक्के बरोबर. १०० वाक्यं अडखळत बोलणाऱ्यांची, त्यात ३० टक्के बरोबर. एकूण बरोबर वाक्यं ८५५ अधिक ३०, म्हणजे ८८.५ टक्के. अहवालात हा आकडा देखणा दिसतो आणि दहातल्या सात वेळा चुकीचं ऐकलं गेलेला माणूस त्यात दिसतच नाही. परीक्षकाने एकच नियम करावा: प्रत्येक गटाचा आकडा वेगळा लिहा, आणि सगळ्यात वाईट आकडा सगळ्यात वर.

आणखी एक चूक विद्यार्थी हटकून करतात. वीस माणसांचे आवाज गोळा करतात, सगळी वाक्यं एकत्र मिसळतात आणि त्यातली काही चाचणीसाठी बाजूला काढतात. मग ज्याचा आवाज शिकवताना ऐकवला, त्याच्याच आवाजावर परीक्षा होते आणि निकाल भरघोस लागतो. पेपर आधीच फुटला, म्हणा ना. सोळा माणसं शिकवायला आणि चार पूर्णपणे अनोळखी माणसं परीक्षेला, अशीच वाटणी हवी.

मॉडेल बनवण्याचा भाग त्या मानाने सोपा आहे. शून्यापासून कोणी बनवत नाही. तयार मराठी मॉडेल घेऊन त्याला आपले थोड्या तासांचे नमुने ऐकवायचे आणि त्याचे अंतर्गत आकडे जरासे हलवायचे. एकाच व्यक्तीच्या आवाजाला मॉडेल जुळवून घेतलं, तर अडखळत्या बोलण्यातल्या चुका बऱ्याच घटतात, हे गूगलच्या २०१९ पासूनच्या ‘युफोनिया’ प्रकल्पात दिसलं आहे. मग ते लहान करायचं. ३२ बिटांत साठवलेले आकडे ८ बिटांत बसवले, की आकार चौथाईवर येतो आणि अचूकता बहुधा थोडीच घसरते. हे करायलाच हवं, कारण सातपुड्याच्या पायथ्याला नेटवर्क असेलच असं नाही आणि वापरणाऱ्याचा फोन साधा असतो. रिझर्व्ह बँकेचं नोटा ओळखणारं ‘मनी’ हे ॲप १ जानेवारी २०२० ला आलं. ते इंटरनेटशिवाय चालतं, हा त्याचा मोठा गुण.

आणि यंत्राला गप्प बसायलाही शिकवायचं. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत नीट दिसत नसेल, तर अंदाजाने तारीख सांगण्याऐवजी ‘उजवी बाजू कापली गेली, पाकीट जरा डावीकडे घ्या’ असं ते म्हणालं पाहिजे. डोळस माणूस यंत्राची थाप पकडतो, अंध माणसाला ती पकडायला दुसरा माणूस बोलवावा लागतो. मग यंत्र कशाला घेतलं?

सांकेतिक भाषेबद्दल थोडक्यात. हातमोजे घालून खुणांचं भाषांतर करणारे प्रकल्प प्रदर्शनात बक्षिसं घेतात, कर्णबधिर मंडळी ते वापरत नाहीत. भारतीय सांकेतिक भाषेत भुवया, ओठ, खांदे हेही व्याकरण आहे, ते हातमोज्याला दिसत नाही. ‘एआय४भारत’च्या ‘इन्क्लूड’ या संग्रहात २६३ खुणा आहेत आणि त्या कर्णबधिर विद्यार्थ्यांनी स्वतः करून दाखवल्या आहेत. सुरुवात तिथून करावी.

परीक्षक कोण

जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ हा निवासी प्रकल्प आहे. यजुर्वेंद्र महाजन यांनी उभ्या केलेल्या या संस्थेत ठिकठिकाणचे दिव्यांग तरुण स्पर्धा परीक्षांची आणि उच्च शिक्षणाची तयारी करतात. रोज स्क्रीन रीडरवर पुस्तकं ऐकणारे, लेखनिकाच्या मदतीने पेपर देणारे हे तरुण. अशा अनुभवी लोकांच्या गावात राहून संगणकाच्या विद्यार्थ्याने आपलं ॲप आपल्याच वर्गमित्रांवर तपासावं, याला काय म्हणावं?

तपासणीचीही रीत असते. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नये. आपल्याकडची माणसं भिडस्त, ‘छान आहे, चांगलं केलं’ म्हणून मोकळी होतात. काम द्यावं: हा फोटो उघडा आणि भाव सांगा. मग तोंड बंद ठेवून पाहावं. कुठे बोट अडलं, कितीदा मागे यावं लागलं, कधी वैतागून फोन ठेवला. मधे बोलून मदत केली, की चाचणी वाया गेली.

पण दिव्यांग व्यक्तीला कायम ‘वापरकर्ता’ याच खुर्चीत बसवणं हीसुद्धा एक अडचण आहे. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. वाडिया महाविद्यालयातून गणितात पदवी घेऊन ते आयआयटी मुंबईला गेले. राष्ट्रीय सेवा योजनेतले विद्यार्थी त्यांना पुस्तकं वाचून दाखवत. तिथं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात त्यांनी आलेखातली वक्ररेषा कानाने ऐकता येईल असा प्रोग्राम लिहिला. १९९४ साली कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी किचकट गणिती मजकूर नीट बोलून दाखवणारी ‘ॲस्टर’ ही प्रणाली पीएचडीसाठी बनवली. त्या प्रबंधाला एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला. पुढे ते गूगलमध्ये गेले. आपल्याला काय अडतं ते त्यांना दुसऱ्याकडून ऐकावं लागलं नाही.

असा विद्यार्थी आज जळगावच्या किंवा धुळ्याच्या एम.एस्सी.च्या वर्गात आला, तर त्याला काय लागेल? फळ्यावर लिहिताना शिक्षकाने ते तोंडाने म्हणणं. स्लाइडवर समीकरणाचा फोटो न डकवता ते टाइप करणं. आलेखाखाली त्यात काय दिसतं ते दोन ओळींत लिहिणं. प्रयोगशाळेतल्या एका तरी संगणकावर एनव्हीडीए आणि मराठी आवाज बसवलेला असणं. यातलं शेवटचं काम तासाभराचं आणि मोफत आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचं ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) किंवा क्षेत्रीय प्रकल्प आहे आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. वर सांगितलेलं सगळं एवढ्यात बसतं, त्यासाठी नवा विषय मंजूर करून आणायची गरज नाही. विभागप्रमुखांना एकच विनंती. प्रकल्पाच्या मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये यंदापासून एक ओळ वाढवा: ‘हे ॲप ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यापैकी कोणी, किती मानधन घेऊन तपासलं आणि कुठे अडलं?’ आणि ती ओळ कोरी असेल, तर तो प्रकल्प परत पाठवा.